देवाची करणी आणि जादा हप्ता

सार्वजनिक उत्सवाच्या परवानगी-अर्जातील सर्वांत अवघड रकाना कोणता, या प्रश्नावर जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांतील मंडळांचे, मिरवणुकीतील क्रमावरून कधीही न होणारे, एकमत होण्यासारखे आहे. मांडवाची लांबी-रुंदी, विजेचा भार, वाद्यांचा प्रकार हे रकाने चौकातल्या टपरीवर एका कट चहात भरून होतात. ‘जबाबदार व्यक्तीचे नाव’ हा रकाना मात्र पोळा फुटला तरी कोराच राहतो. हा कोरेपणा माणसांच्या टंचाईतून आलेला नसतो, हे त्याच चौकातल्या फ्लेक्सकडे पाहिले की कळते. त्यावर संस्थापक अध्यक्ष, अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उत्सवप्रमुख, मिरवणूकप्रमुख, सल्लागार, मार्गदर्शक, आधारस्तंभ आणि ज्यांच्यासाठी कोणतेच पद उरले नाही ते ‘शुभेच्छुक’, असे मिळून बेचाळीस चेहरे हसत असतात. आणि ज्यांच्या नावाने हे सारे चालले आहे ते बाप्पा डावीकडच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकारात, जागा मिळेल तसे बसलेले असतात. चेहरे आणि सह्या यांचे हे व्यस्त प्रमाण उत्सवशास्त्राचा पहिला सिद्धांत मानावयास हरकत नाही.

या सिद्धांताची प्रचीती मंडळाच्या पहिल्याच बैठकीत येते. अर्ज हाती धरून बसलेला कार्यकर्ता वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करतो.

“नाना, तुमचं नाव टाकू का?”

“मी मार्गदर्शक आहे. मार्ग दाखवला, माझं काम संपलं.”

“मग आप्पांचं?”

“आप्पा आधारस्तंभ. स्तंभ कुठं सही करतो का, भो?”

“अध्यक्षांचं तरी टाकू?”

यावर अध्यक्ष घाईघाईने “मन्हं नाव नको” असे अहिराणीत सांगतात. एरवी भाषणात ते पुस्तकी मराठीच्या खाली उतरत नाहीत, पण जबाबदारीचा प्रश्न आला की माणूस मातृभाषेकडे वळतो. शेवटी, त्या वेळी झेरॉक्स काढायला गेलेल्या मुलाचे नाव एकमताने ठरते. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ सर्वांचे असा असला, तरी बारभाईच्या कारभारातील अर्थ गैरहजर माणसाचे असा आहे.

विमा नावाचा परकीय विषय या बैठकीत शिरतो तो याच रकान्यातून. उत्तरदायित्व म्हणजे आपल्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे तिऱ्हाइताचे नुकसान झाल्यास ते भरून देण्याचे बंधन, आणि उत्तरदायित्वाचा विमा म्हणजे हप्ता घेऊन ते बंधन विमा कंपनीने आपल्या खांद्यावर घेणे. परंतु मुळात ते कोणाच्या खांद्यावर आहे हे ठरल्याशिवाय दुसऱ्याला उचलता येत नाही, आणि घोडे पेंड खाते ते नेमके इथे.

ही अडचण आपल्याकडे शतकानुशतके एका स्वदेशी साधनाने टाळली जाते, त्याचे नाव हमीपत्र. मांडवासाठी महापालिका, ध्वनिक्षेपकासाठी पोलिस ठाणे, मार्गासाठी वाहतूक शाखा, आगीसाठी अग्निशमन विभाग, तात्पुरत्या वीजजोडणीसाठी महावितरण, आणि वर्गणी गोळा करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालय, अशा प्रदक्षिणेत मंडळाला ठिकठिकाणी काही ना काही लिहून द्यावे लागते, आणि त्या लिखाणाचा स्थायीभाव एकच असतो : ‘काही अनुचित प्रकार घडल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी आयोजकांची राहील.’ ‘अनुचित प्रकार’ या संज्ञेची व्याख्या कोणीही करीत नाही, कारण व्याख्या केली तर तिच्यावरही कोणाची तरी सही लागेल. जळगावात तर या नाट्याला आणखी एक पदर आहे. तेथे महापालिकेचाही स्वतःचा गणपती बसतो आणि विसर्जन मिरवणुकीतला पहिला मान त्याचा असतो. म्हणजे जबाबदारी आयोजकांवर टाकणारी संस्था स्वतःही आयोजक असते, आणि तिने स्वतःला हमीपत्र लिहून दिल्यास ते आवक बारनिशीत नोंदवावे की जावक, हा प्रशासनशास्त्राच्या अभ्यासकांसाठी गोड प्रश्न आहे.

अमेरिकेतील अनेक शहरांत आणि शाळांच्या सभागृहांत हमीपत्र चालत नाही. तेथे महाराष्ट्र मंडळाला गणपती बसवायचा असेल तर विम्याचे प्रमाणपत्र आधी दाखवावे लागते, बहुधा एका घटनेमागे दहा लाख डॉलरचे, आणि त्यात त्या शहराचे किंवा शाळेचे नाव ‘जादा विमाधारक’ म्हणून घालावे लागते. म्हणजे मोदक खाऊन कोणी घसरले आणि शहरावर दावा लागला तरी भरपाई मंडळाच्या विम्यातून व्हावी. खानदेशातील वडील आणि तिकडचा मुलगा यांच्यातील दूरध्वनीवरचे भाद्रपदातील संभाषण त्यामुळे साधारण असे होते.

“तुमचा गणपती किती दिवसांचा?”

“चार तासांचा, बाबा. हॉल पाचला रिकामा करायचा असतो.”

“अरे, निदान दीड दिवसाचा तरी...”

“पण विमा आहे!”

वडिलांना यातले शेवटचे वाक्य अभिमानाचे आहे की सांत्वनाचे, हे उमजत नाही.

खानदेशाला विमा ठाऊक नाही, असे मात्र कोणी समजू नये. ज्या प्रदेशात केळी पिकते त्या प्रदेशातला शेतकरी हवामानावर आधारित फळपीक विमा कोळून प्यालेला असतो. या विम्याचे वैशिष्ट्य असे की थंडी आणि उष्णता यांपुरती भरपाई बाग पाहून ठरत नाही. महसूल मंडळातील हवामान केंद्राने नोंदलेला पारा ठरलेल्या अंशाखाली किंवा अंशावर ठरलेले दिवस सलग राहिला, तर ती लागू होते. त्यामुळे विमा प्रतिनिधी मंडळाच्या मांडवात आला की त्याला पहिला प्रश्न असा विचारला जातो, की बाप्पाच्या विम्याला हवामान केंद्र कोणते धरणार. दुसरा प्रश्न हप्त्याचा. राज्यात २०२३ च्या खरिपापासून सुमारे दोन वर्षे शेतकऱ्याला पीक विमा एक रुपयात मिळत होता, आणि ती सवलत २०२५ मध्ये बंद झाली असली तरी एक रुपया हा आकडा मनात घर करून बसलेला आहे. प्रतिनिधी हप्ता सांगतो, वर अठरा टक्के वस्तू व सेवा कर सांगतो, आणि खजिनदार त्याच्याकडे अशा नजरेने पाहतो, की त्याने वरण-बट्टीच्या पंगतीत बट्टी मोजून वाढली असावी.

तिसरा प्रश्न उधारीचा असतो, आणि येथे संस्कृतींचा संघर्ष होतो. मंडळाच्या अर्थव्यवस्थेत मांडववाला, मूर्तिकार, बँडवाला, विद्युत रोषणाईवाला आणि फुलवाला या सर्वांचे पैसे ‘विसर्जनानंतर बघू’ या एकाच तारखेला देय असतात. विमा अधिनियम, १९३८ मधील कलम ६४ व्हीबी मात्र सांगते, की हप्ता आधी हाती पडल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम स्वीकारू नये. “वर्गणी जमली की देतो ना, पळून जातो का?” असे म्हटल्यावर प्रतिनिधी नम्रपणे सांगतो, की पळून जाण्याचा विमा वेगळा असतो.

वर्तमानपत्रांचा या चर्चेवर होणारा परिणाम घातक असतो. मुंबईत किंग्ज सर्कल येथील जीएसबी सेवा मंडळाने २०२५ साली न्यू इंडिया अश्योरन्स कंपनीकडून ४७४.४६ कोटी रुपयांचा विमा उतरविला, ही बातमी ‘बाप्पाचा पावणेपाचशे कोटींचा विमा’ अशा थाटात वाचली जाते. वस्तुतः त्यातील ३७५ कोटी हे स्वयंसेवक, पुजारी, आचारी, सुरक्षारक्षक अशा हाडामांसाच्या माणसांच्या वैयक्तिक अपघात विम्याचे होते. सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी ६७.०३ कोटी, आणि मांडव व भाविक यांच्यासंबंधीच्या सार्वजनिक उत्तरदायित्वासाठी ३० कोटी होते. तपशील वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. सराफ बाजाराच्या गावात आकड्यातले सोने तेवढे डोळ्यांत भरते. अध्यक्ष मंडळाची मालमत्ता मोजायला सांगतात, आणि तिची यादी चांदीचा मुलामा दिलेला एक मुकुट, एक समई, दोन सतरंज्या आणि गतवर्षी परत न केलेले शेजारच्या मंडळाचे एक तपेले येथे संपते. विमाशास्त्रात ‘विमायोग्य हितसंबंध’ नावाची एक अट आहे, म्हणजे ज्या वस्तूच्या नाशाने आपले स्वतःचे नुकसान होईल तिचाच विमा आपल्याला उतरवता येतो. तपेले त्या अटीत बसत नाही, आणि मूर्ती तर त्याहून चमत्कारिक, कारण विमाधारक स्वतःच दहाव्या दिवशी ती वाजतगाजत मेहरूण तलावात किंवा पांझरेत बुडविणार असल्याचे अर्जातच लिहून देतो.

प्रतिनिधी मग पॉलिसी वाचून दाखवितो. ज्यांना सत्यनारायणाची पोथी पूर्ण ऐकण्याचा सराव आहे, त्यांनाही हे श्रवण जड जाते. त्यातील सर्वांत रसाळ अध्याय दैवी आपत्तीचा. भूकंप, पूर, वादळ अशा, माणसाच्या हाती नसलेल्या घटनांना विम्याच्या इंग्रजी परिभाषेत ‘देवाची करणी’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे, आणि सार्वजनिक उत्तरदायित्वाच्या पॉलिसीत ती सहसा जादा हप्ता भरून जोडून घ्यावी लागते. देवाच्याच उत्सवाच्या विम्यात देवाची करणी वगळलेली असावी, ही गोष्ट ऐकून मांडवात काही काळ शांतता पसरते.

“म्हणजे बाप्पानं काही केलं तर कंपनी देणार नाही?”

“जादा हप्ता भरला तर देईल.”

“आणि नारळात पाणी येतं त्याचं काय?”

ते पॉलिसीत नाही, असे सांगून प्रतिनिधी पान उलटतो.

याच सुमारास कोणीतरी शिकलेला सदस्य १९९१ चा सार्वजनिक उत्तरदायित्व विमा अधिनियम बाहेर काढतो आणि विमा सक्तीचा असल्याचे जाहीर करून टाकतो. हा कायदा भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आला. तो घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे, आणि मंडळाच्या ऐच्छिक पॉलिसीशी त्याचे नावापुरतेच नाते आहे. तरीही घातक पदार्थ म्हणजे काय, यावर पाऊण तास चर्चा होते. डीजे हा पदार्थ मानावा की प्रवृत्ती, येथे मतभेद होऊन विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो.

विम्याचा पाया मानलेले ‘पराकोटीचा सद्भाव’ हे तत्त्व तर सार्वजनिक जीवनाच्या मुळावरच येणारे आहे. विमा मागणाऱ्याने जोखमीशी संबंधित प्रत्येक खरी गोष्ट, न विचारताही, आपणहून सांगितली पाहिजे, असे ते तत्त्व सांगते. आता प्रत्येक मंडळाच्या मूर्तीला तीन उंच्या असतात : पोलिसांना सांगितलेली, वर्गणीदारांना सांगितलेली आणि विजेच्या तारेखालून जाताना प्रत्यक्ष कळणारी. गर्दीचेही तसेच. बंदोबस्ताच्या अर्जात ‘परिसरातील मोजके भाविक’ असतात आणि जाहिरातदाराला दिलेल्या पत्रात ‘लाखोंचा जनसागर’ असतो. हप्ता गर्दीवर ठरतो हे कळताच जनसागर पुन्हा परिसरात मावू लागतो. स्वयंसेवकांची नावनिशीवार यादी मागितली तर ती महाप्रसादाच्या दिवशी तीनशेची, आरतीच्या ताटाभोवती पंधरांची आणि मांडव सोडताना तिघांची भरते. अपघात मात्र मांडव सोडतानाच होण्याचा संभव अधिक, आणि ते तिघे यादीत नसतात, कारण यादी झाली तेव्हा ते खांब उतरवून घेत होते. महाप्रसादातून विषबाधा झाल्यास तिची जबाबदारी उचलणारे कलमही वेगळे जोडावे लागते, आणि त्यासाठी स्वयंपाकाचा तपशील लागतो.

“आचारी कोण?”

“आचारी कशाला? वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. अख्खी गल्ली करते.”

“एक नाव द्या.”

पुन्हा तोच रकाना.

धुळ्यात या रकान्याला भूगोलाची फोडणी मिळते. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन ब्रिग्ज याने आखलेल्या वसाहतीतील सरळ गल्ल्या आजही नावापेक्षा क्रमांकाने ओळखल्या जातात, आणि पॉलिसीत ‘विमित स्थळ’, म्हणजे ज्या जागेपुरती जबाबदारी घेतली ती जागा, नेमकी लिहावी लागते. मिरवणूक ही चालणारी वस्तू असल्याने पाचव्या गल्लीची जोखीम सहाव्या गल्लीच्या तोंडाशी आली की ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. त्यातून मिरवणूक तेथेच तीन तास उभी असेल तर विमित स्थळ कोणते, हे ठरवायला वेळ मात्र भरपूर मिळतो. अर्जातील आणखी एक प्रश्न पूर्वी घडलेल्या नुकसानीचा असतो. धुळ्याचे १८९५ पासूनचे एक मंडळ ‘खुनी गणपती’ या नावानेच प्रसिद्ध आहे. मिरवणुकीच्या वेळी मशिदीसमोर झालेला संघर्ष आणि इंग्रज पोलिसांचा गोळीबार यांतून हे नाव पडले, आणि आज त्याच मशिदीसमोर पालखीचे फुले उधळून स्वागत केले जाते. हे नाव पॉलिसीच्या पहिल्या ओळीत वाचून दूरच्या शहरातील एखादा अधिकारी घाम पुसू लागला तर त्याला दोष देता येणार नाही, आणि त्याला फुलांची हकिगत सांगावी तर तिच्यासाठी अर्जात जागा नाही.

कागदावर न सापडणारी जबाबदार व्यक्ती खानदेशात प्रत्यक्षात दिसतच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. जळगावात १८७२ साली संत आप्पा महाराजांनी सुरू केलेला श्रीराम रथोत्सव कार्तिकी एकादशीला निघतो. त्या अवाढव्य लाकडी रथाला ब्रेक नाही आणि सुकाणूही नाही. शेकडो हात दोर ओढतात, आणि चालत्या चाकाखाली ‘मोगरी’ नावाची लाकडी पाचर सारून रथ वळविणे व थांबविणे हे काम काही जाणत्या माणसांकडे असते. दोन्ही बाजूंना लोटलेली गर्दी, पुढे अरुंद रस्ता आणि चाकापासून वीतभर अंतरावर वाकलेला माणूस, हे दृश्य कोणत्याही विमा अधिकाऱ्याची झोप उडविण्यास पुरेसे आहे. तरी रथ भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीपाशी थांबतो, चादर चढते, आणि रथ पुढे निघतो. ‘मोगरी कोण लावतो?’ असे विचारल्यास बोट थेट एका माणसाकडे जाते. फ्लेक्सवर मात्र त्याला शोधत बसू नये.

राज्य शासनाने दहीहंडीच्या गोविंदांची काळजी अलीकडे स्वतःकडे घेतली आहे. २०२३ मध्ये ५०,००० गोविंदांचा, प्रत्येकी ७५ रुपये हप्ता भरून, विमा उतरविण्यात आला आणि २०२५ मध्ये ही संख्या दीड लाखावर नेण्यात आली. थराला विमा मिळाला, चाकाला अजून मिळायचा आहे. थर छायाचित्रात उंच दिसतो आणि मोगरी लावणारा वाकलेला असतो, एवढेच याचे कारण असावे.

रकाना कोराच राहिला आणि खरोखरच काही घडले, तर तो भरण्याचे काम न्यायालय करते, आणि ते विनोदाने करीत नाही. मीरतच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये १० एप्रिल २००६ रोजी ग्राहक प्रदर्शनाच्या मांडवाला आग लागून साठहून अधिक माणसे गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जबाबदारीची वाटणी आयोजक ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशी केली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या प्रकरणात २०११ साली त्याच न्यायालयाने तेथील महापालिकेला भरपाईतून मोकळे केले आणि चित्रपटगृहाचे मालक व वीज मंडळ यांना धरले. या दोन निकालांचे वाचन मंडळाच्या बैठकीत झाल्यास पुढील वाक्य हमखास ऐकू येते : “म्हणजे चाळीस टक्के तर सरकारचेच ना? मग उरलेले साठ आपण बेचाळीस जणांत वाटून घेऊ.” हिशेब दीड टक्क्याच्या आत बसतो. तरीही त्या दीड टक्क्यासाठी कोणी सही करीत नाही.

अखेरीस, सर्व मानवी पर्याय संपल्यावर, मंडळातील एक वकील मार्ग काढतो. देवता ही भारतीय कायद्यात विधिक व्यक्ती आहे, म्हणजे माणसाप्रमाणे मालमत्ता धारण करू शकणारी आणि दावा लावू शकणारी व्यक्ती. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये ते मान्य केले आहे, आणि देवतेवर प्राप्तिकरही आकारता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये म्हटले आहे. दहाही दिवस मांडवात अखंड हजर असणारी, फोन बंद न ठेवणारी आणि कोणत्याही गटाची नसलेली ही एकमेव व्यक्ती असल्यामुळे ‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात ‘श्री गणपती’ असे लिहावे, ही सूचना टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर होते. प्रतिनिधी तेवढ्याच नम्रपणे हरकत घेतो, की देवता कायद्याने कायमची अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेली, मानतात आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. तिच्या वतीने कोणा सज्ञान माणसाने सही करावी.

सज्ञान माणसे एकमेकांकडे पाहतात. झेरॉक्स काढायला गेलेला मुलगा या वेळी हजर आहे, आणि तो सतरा वर्षांचा असल्याचे आताच निष्पन्न झाले आहे.

रकाना अद्याप कोराच आहे. त्याच्या शेजारी छायाचित्र चिकटविण्याची एक लहान चौकट आहे. तिच्यासाठी बेचाळीस फोटो जमा झाले आहेत.